सत्तेचाळीस नंबरची शिळा

फेब्रुवारी. घोरपडीचं रेल्वे फाटक ओलांडून
डावीकडच्या जुन्या चर्चच्या आवारात
सकाळी साडेसातला आम्ही दोघं:
मी, नगर भूमापनातून निवृत्त,
आणि एस्तेर, वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाची,
जिच्याकडे तक्ता आहे, आणि नियम.

तारेचा ब्रश नाही. खडू चोळायचा नाही.
शेवाळ ओरबाडायचं नाही.
आणि लिहायचं ते जसं आहे तसं,
शुद्धलेखन मेलेल्यांना लावायचं नाही.

चौतीस वर्षं मी जिवंतांच्या हद्दी मोजल्या.
एका वितीसाठी तीन पिढ्यांचा अबोला.
इथे टेप ताणला तर कुणी खेकसत नाही.
सहा फूट दोन इंच. अडीच फूट.
लगतधारकाची हरकत?
सवयीने विचारतो.
एस्तेर पेन्सिलीला टोक करत राहते.

दाढीचा आरसा मी घरून आणलाय.
त्यातून ऊन तिरकं टाकलं की
सपाट काळ्या दगडातून
अक्षरं अंग झाडत उठतात:
एखादा हवालदार, एक दाई, पटकीचं वर्ष,
कुणाचं अर्धंच आडनाव.
आरसा हलला की पुन्हा निजतात.
बाराव्या शिळेवर काहीच उठलं नाही.
आभाळाकडे तोंड करून पडलेली ती,
पावसांनी चाटून घेतली.

सत्तेचाळीसावी नकाशातच नव्हती.
ती नळाशी सापडली.
राखणदाराची बायको, मार्थाबाई उजागरे,
तिच्यावर चादर आपटत होत्या.
"सासूबाईंच्या आधीपासून आहे हा दगड.
धुण्याचाच."

पहार, दोन बांबू, सॉलोमन, मी.
उलटली तेव्हा खाली गांडुळं, शर्टाचं एक बटण,
आणि लख्ख, काल कोरल्यासारखं:
येथे निजली आहे सुवार्ता
वय वर्षे दोन महिने सात

'ता'वरचा रफार मागाहून बसवलेला,
बारीक, वेगळ्या छिन्नीचा.
म्हणजे पाथरवट विसरला होता.
म्हणजे कुणीतरी इथे उभं राहून,
डोळे पुसून किंवा न पुसता,
म्हणालं असेल, मिस्त्री, एक रफार राहिला.

आरशाची गरज नव्हती. मी तो गवतात पालथा ठेवला.

मार्थाबाईंनी ओले हात पदराला पुसले.
पुन्हा पुसले.
मग म्हणाल्या, "अशी उताणी ठेवू नका, पाऊस खाईल."
आणि जरा थांबून, "आता धुणं कुठं धुऊ?"

एस्तेरने नियमांचा कागद उलटसुलट पाहिला.
फोटो झाले, मापं झाली,
अक्षरांखाली वाळू पसरून
आम्ही शिळा होती तशी उपडी केली.
'सद्यस्थिती'च्या रकान्यात मी लिहिलं: वापरात.
तिने खोडलं नाही.

बटण मार्थाबाईंनी उचललं, नळाखाली धुतलं.
"आमच्या रूबेनचं," म्हणाल्या,
"शाळेच्या शर्टाचं. किती शोधलं होतं."
फाटकावरून एक मालगाडी गेली, लांबलचक,
तेवढा वेळ कुणालाच बोलावं लागलं नाही.