नाकाचं वजन

बरकाच्या गॅरेजमागे सावली भिंतीला चिकटून उरलेली,
आणि सालेम हबसींची कॅराव्हॅन नाक खाली घालून उभी,
मार खाऊन आलेल्या पोरासारखी.
ते म्हणतात, जीप दांडगी आहे, तीन टन ओढते.
मी म्हणतो, अरबाब,
ओढणं वेगळं आणि मानेवर घेणं वेगळं.
हुकाच्या पट्टीवर दोन आकडे ठोकलेत.
मोठा सगळेच वाचतात.
धाकटा गंजाखाली असतो, नखाने खरवडावा लागतो:
दीडशे किलो.

खोलीतला वजनकाटा आणलाय,
सात जणांत मिळून एक.
सुट्टीवर निघालेला त्यावर पेटी ठेवतो आणि श्वास रोखतो,
जणू त्याने उतरेल.
काट्याला नाक झेपायचं नाही, म्हणून फळी टाकली.
एका टोकाखाली पाइप, दुसऱ्याखाली काटा,
नाक पाइपापासून एक फूट, काट्यापासून दोन.
काटा सांगेल त्याची तिप्पट.
चौसष्ट.
अरबाब बोटांवर मोजतात, थांबतात.
एकशे ब्याण्णव.

पुढच्या कप्प्यात काय भरलंय?
जनरेटर, पाण्याचे कॅन,
आणि आईचा मंदूस, पितळी खिळ्यांची जुनी पेटी.
वाळूत झोपेन तर तिच्याशेजारी, म्हणाली म्हातारी.

पण सगळं मागे ढकलू नका.
बाराशेची कॅराव्हॅन, दशांश तरी नाकावर हवाच,
नाही तर शेपूट गाडी हाकायला लागतं.
सोहारच्या रस्त्यावर आडव्या वाऱ्यात
कुशीवर पडलेली एक पाहिलीय मी,
चहाची भांडी पार दुभाजकापर्यंत.
मंदूस इथे ठेवा, चाकांच्या बरोबर वर, आसावर.
इथलं ओझं कुणाच्या मानेवर येत नाही.

एकेचाळीस त्रिक एकशे तेवीस.
अरबाब हसले. खजूर दिले.

रात्री काटा खोलीत परत.
परकार पहाटे निघणार, दापोलीला.
परवानगी तीसची, पेटी बत्तीस.
दुधाची पावडर काढतो, घालतो.
बायकोच्या शिलाई मशीनची मोटर काढतो, घालतो.
तू दिवसभर हेच करतोस ना, म्हणतो,
सांग, कुठे सरकवू?

मी चारी बाजूंनी हात फिरवून पाहिला.
चाकांमधला तो आस कुठेच लागला नाही.
दुसरी आस
काट्याने बत्तीसात धरलीच असेल.

मोटर मी माझ्या कपाटात ठेवून घेतली,
एप्रिलपर्यंत.