मागचं इंजिन

कुडचड्याच्या बाजारात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान,
रुंदी दोन हात.
फुटलेल्या काचा, ओहोळात पडून आलेले फोन,
आणि त्या मंगळवारी काउंटरवर
टॉवेलात गुंडाळलेलं एक डिझेल इंजिन,
बांगड्याएवढं लांब.

"आवाज घालायचाय," इनासबाब म्हणाले.
"तुझे हात बारीक. माझे आता कापतात."

कवच काढलं. मोटर, मोटरीवर शिशाचा ठोकळा,
आणि जागा म्हणाल तर शून्य.
लाल तार उजव्या रुळाची, काळी डाव्या,
नारिंगी नि करडी मोटरीच्या,
पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या,
निळी सगळ्यांची मिळून, बाजारातल्या नळासारखी.
मोटरीचं टोक सांगाड्याला शिवलं
की चिमूटभर धूर, आणि नऊ हजार गेले.
श्वास धरून डाग दिले.

स्पीकर खडीसाखरेच्या खड्याएवढा.
उघडा ठेवला तर धड वाजत नाही:
पुढून निघालेला आवाज
मागून निघालेल्याला गाठतो
आणि दोघं एकमेकांना खाऊन टाकतात.
त्याला चहूबाजूंनी बंद खोली लागते.
मी कडा गोंदाने बुजवत होते.
"आमच्या घरातही असंच होतं," इनासबाब म्हणाले,
आणि पुढे काही बोलले नाहीत.

खोलीसाठी शिसं अर्धं कापलं.

नवं मॉड्यूल जागं होतं तेव्हा
स्वतःला तीन नंबर समजतं.
मग त्याला सांगावं लागतं, तू कोण ते.
त्यांनी पाच आकडे सांगितले, मावतात चार.
"पहिला सोड. कुळ्यात शेवटच्या चारांनीच पुकारायचे."

घंटा वाजली.
"ही कुणाची?"
मॉड्यूलबरोबर येते, परदेशी इंजिनांची.
"काढ. आमची घंटा इगर्जीत.
भोंगा ठेव, पण जबाबापुरता.
आधी पुढचा वाजवतो, मग मी."

तेव्हा कळलं, हे बँकरवाले.
कुळ्याला गाडीच्या पाठीला लागायचं
आणि घाटभर ढकलायचं.
तेवीस वर्षं त्यांनी गाडीचा चेहरा पाहिला नाही;
समोर शेवटच्या डब्याची पाठ.
दूधसागर आला की वळणावर
खिडक्यांतून बाहेर आलेले हात दिसायचे,
नुसते हात.
कॅसलरॉकला कपलिंग सुटायचं. गाडी जायची.
हे एकटे, ब्रेक धरून, खाली.

फळीखाली फोनचे खोके सरकवून मी चढ केला,
पाच डबे लावले.
आवाज पहिल्या नॉचवरून आठव्यावर गेला,
छातीत घुमेल असा.
आवाज घाट चढला, इंजिन जागच्या जागी.
चाकं नुसती फिरत होती.
कापलेलं शिसं आमच्याकडे बघत होतं.

गुरुवारी ते बेतूलहून आले,
खिशात भावाच्या पागेराची शिशं.
भाऊ आता समुद्रात जात नाही.
मी ती ठोकून चपटी केली,
केबिनच्या फरशीखाली बसवली, जराशी खारट.

इंजिन चढलं.
पुढे दुसरं एक, त्यांनीच मुकं ठेवलेलं,
मध्ये डबे, आणि सगळ्यांच्या मागे
हे बोलणारं.
अर्ध्या चढावर त्यांनी थांबवलं
आणि नुसतं ऐकत बसले, उभ्या इंजिनाचं गुरगुरणं,
एक कान जवळ नेऊन, जो चालतो तो.

भोंगा काही वाजवेनात.
पुढचं मुकं, जबाब द्यायचा कुणाला?

मी कवचाचे स्क्रू शोधत होते.
तेवढ्यात सावर्डे स्टेशनात
कुठलीशी मालगाडी सुटताना ओरडली,
आणि इनासबाबांचा अंगठा बटणावर पडला.
एक लांब.

स्क्रीनगार्ड लावायला आलेला पोरगा म्हणाला,
"ताई, ही रिंगटोन मलापण टाक."