उघड्यावर

राजापूरला आमच्या छपरावर माकडं झोपत.
माणसं खाली, कौलांच्या आत,
दार लावून, आडणा घालून.
म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या जेठात,
लष्करात, दौलतगंजातल्या ह्यांच्या घरी
तिन्हीसांजेला शरयूवन्सं बादल्या घेऊन वर निघाल्या
तेव्हा वाटलं, झाडांना पाणी घालायचं असेल.

पाणी गच्चीला घालायचं होतं.
फरशी चुरचुरली, वाफ आली,
तव्यावर ओला हात झटकावा तसा आवाज.
मग ओळीनं गाद्या.
आधी आप्पा, मग दोन दीर, मधे हे,
मग सुरई, तिच्यावर उपडा पेला,
मग बायका, आणि शेवटी
टाकीच्या आडोशाला मी.

अंथरूण पाहून पाय पसरावे हे माहेरी शिकवलेलं.
पांघरुणाचं कुणी काही सांगितलं नव्हतं.
मी डोक्यापासून अंगठ्यापर्यंत चादर ओढली,
कडा अंगाखाली दाबल्या,
पत्र पाकिटात घालून चिकटवावं तशी.
मध्यरात्र झाली तरी लू भिंतींना घासत होती.
"वहिनी, गरम नाही होऊन राहिलं का?"
शरयूवन्सं कुजबुजल्या.
मी झोपेचं सोंग घेतलं.
आत माझाच श्वास मला भाजत होता.
धाग्यांच्या जाळीतून एखादा तारा दिसायचा,
पिठात पडल्यासारखा.
छोट्या लाइनची गाडी शिट्टी देऊन गेली
आणि आठ हातांवर आप्पा खोकले.

असे अकरा उन्हाळे.

थंडीत उलट.
मुन्ने खाँ पिंजारी ओसरीवर टणत्कार करत बसायचा,
भुवयांवर कापूस, मिशीवर कापूस.
चार किलोची रजई भरून द्यायचा, वर लाल छीट.
(मी दुलई म्हणायचे. सगळे हसायचे.)
पौषात किल्ला धुक्यात नाहीसा झाला
की खोलीला कडी,
आणि त्या ओझ्याखाली,
जिथं कुणाला काही दिसणं शक्यच नव्हतं,
ह्यांचे बर्फगार पाय पोटरीला लागले
तेव्हा त्या घरात मी पहिल्यांदा खळखळून हसले.
एवढं जाड पांघरूण असलं की
आत माणूस कसाही असू शकतो.

आता गच्चीवर तीन टाक्या आहेत, डिश आहे,
मोडका कूलर आहे. झोपायला कुणी नाही.
शंतनूनं खोल्यांना एसी लावले.
नात भर मे महिन्यात अठरावर लावून
ब्लँकेटात मुटकुळं करून झोपते.
मी काही बोलत नाही. बिल तो भरतो.

परवा रात्री अकराला ट्रान्सफॉर्मर उडाला.
इन्व्हर्टर एसी ओढत नाही.
सगळे वह्यांचे पुठ्ठे हलवत बसले,
मी सतरंजी काखेत मारून वर गेले.
पाणी शिंपडलं नाही, टाकीत होतं ते सकाळपुरतं.
तशीच पडले. स्लॅब पाठीला शेक देत होता,
बाळंतिणीच्या खाटेखाली निखारे असावेत तसा.
शेजारच्या तिसऱ्या मजल्यावरून कुणालाही दिसले असते,
अडुसष्ट वर्षांची बाई,
गाऊन गुडघ्यांवर, हात दोन दिशांना.
दिसो.

तारे फारसे नव्हते.
किल्ल्यावरचे दिवेही गेलेले.

जिन्यात ह्यांची काठी वाजली.
एक पायरी, थांबणं. एक पायरी.
"पहाटे गार पडेल. चादर आणलीय."
मी झोपेचं सोंग घेतलं,
जुन्या सवयीनं,
पण या वेळी तोंड उघडं ठेवून.

काठी बराच वेळ वाजली नाही.
मग खाली गेली.

चारच्या सुमाराला वारा फिरला.
हात आपसूक पायथ्याशी गेला, तिथं काही नव्हतं.
चादर वरच्या पायरीवर होती,
चौघडी घातलेली,
उडू नये म्हणून तिच्यावर पाण्याचा तांब्या.

मी पाणी प्यायले.
तांब्या परत चादरीवर ठेवला.