ठेव, काढ

सावद्याच्या वजनकाट्यावर पहाटे चारला
मुबारक तडवीची आयशर पहिली आली
आणि तिचं वजन झालं सगळ्यांत शेवटी.
उन्हं चढेस्तोवर घड ताडपत्रीखाली तापत राहिले.
खिडकीशी येऊन तो एवढंच म्हणाला,
"ताई, मी तं पयले आलतो ना?"

जोडकाम माझंच होतं.
रावेरच्या गोदामासाठी मागे एक तुकडा लिहिला होता,
क्रेटवर क्रेट रचायचा:
ठेव. काढ. रिकामं आहे का?
काट्यालाही हेच तीन शब्द हवे होते.
खाचेत खाच बसली.
यंत्राने हूं की चूं केलं नाही,
मी कॉम्प्युटर बंद केला, स्कूटी काढली, घरी गेले.

छत्तीस गुण जुळले,
स्वभाव कुणी विचारला नाही.

फैजपूरला बेंडाळे सर फळ्यावर लिहायचे,
शर्टाच्या बाहीला खडू:
तुकड्याच्या पोटात शिरू नका, त्याने काय शब्द दिलाय ते बघा.
मग समीकरणं.
मला ती नक्षी वाटायची, परीक्षेपुरती.

त्या दुपारी काट्याच्या खोलीत
वजनाच्या पावतीमागे मी ती पुन्हा लिहिली.
ढिगाची: ठेवून लगेच काढलं
तर काहीच झालं नाही, ढीग होता तसाच.
रांगेची: रांगेत आधीच कुणी असेल
तर ठेवून काढ, नाहीतर काढून ठेव,
दोन्हीकडून एकाच जागी पोचशील.
शब्द तेच. फरक फक्त
बरोबरीच्या चिन्हापलीकडे.
त्या चिन्हापलीकडे मुबारक सहा तास
स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता.

आता प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर
त्याचे नियम लिहिते, दोन, कधी चार ओळी.
काटा मागेल ते नियम आधी,
तुकडा देईल ते समोर,
आणि ओळीला ओळ लागल्याशिवाय जोडत नाही.
मालक फिरकेशेठ विचारतात, एवढा वेळ कशाला?
मी सांगते, पाहुणे बघायला आलेत.

बऱ्हाणपूरचा भाव त्या दिवशी दहाला पडला होता.
मुबारकच्या घडांना जो मिळाला
त्याला काढून परत ठेवायची
क्रिया माझ्याकडे नाही.

परवा तो पुन्हा पहिला आला.
पडद्यावर एक नंबर, त्याच्याच गाडीचा. मी दाखवला.
"हां हां," म्हणाला,
आणि खिडकीखालच्या फरशीवर
पायातली एक चप्पल काढून
ठेवली.
मागून आलेल्याने तिच्यामागे पाण्याची बाटली.