सही

फॉर्मवर तीनदा सही केली,
तिन्ही वेळा वेगळाच कुबल निघाला.
काउंटरवरचा पोरगा भला, म्हणाला,
आजोबा, अंगठा द्या, चालतो.
सातवी पास माणूस मी. दिला.
शाईत उमटल्या रेघा
ओहोटीनंतरच्या वाळूवर असतात तशा,
एकही हललेली नव्हती.

जावई मस्कतहून सांगतो,
जर्मनीत डोकं न उघडता करतात.
यंत्रात निजायचं, नुसत्या आवाजाने हात थांबतो,
त्याच दिवशी भरला कप धरता येतो.
कप धरायचे किती पडतील, विचारलं.
त्याने आकडा सांगितला.
होडीचं नवं इंजिन,
वर दोन जाळी, वर मोसमाचं डिझेल.
सगळं मी बघतो, मामा, म्हणाला.
तेच तर.

आनंदवाडीच्या धक्क्यावर
एका गाठीला आता अख्खी विडी लागते.
पोरं फाटकं जाळं आणून माझ्याच पुढ्यात टाकतात,
आणि मी घरी गेलो की माझ्या गाठी सोडवून
पुन्हा घालतात.
मला माहीत आहे. त्यांना माहीत नाही
मला माहीत आहे ते.

शेवंती तीन वर्षं अर्धाच कप भरते.
काल म्हणाली, तुमका जावचा आसा काय?
आणि काठोकाठ भरून समोर ठेवला.
मी तोंडच खाली नेलं.

नारळी पौर्णिमेआधी कळवा, तारीख जाईल.
फोनवर 'नको' लिहायला घेतलं,
बोट दोनदा आपटलं.
'नकोको' गेलं.

म्हणजे हो की नाही, मामा?

टाइप करतोय अजून.