एकशे अडुसष्ट

परदेशीपुऱ्यातल्या आमच्या पुढच्या खोलीत
सायकल रोलरवर चढवली की
ओट्यापासून दारापर्यंत जागाच उरत नाही.
बाबा कॉटवर पाय वर घेऊन बसतात.

पोंक्षे सर म्हणतात, पंच्याण्णव.
मिनिटाला पंच्याण्णव फेरे, वैजू, त्याखाली यायचं नाही.
हलका गिअर, झरझर पाय,
मांड्या वाचतात. दमाचं काय, दम परत भरता येतो.
त्यांच्या वहीत आलेख आहे,
आलेखातल्या मुलीचा गुडघा कधी दुखत नाही.

मी पंच्याण्णव करते.
सीटवर उडायला लागते, कढईतल्या लाहीसारखी.
सत्तर करते, तर प्रत्येक फेरा
चिखलातून बूट उपटल्यासारखा,
आणि दुसऱ्या दिवशी बँकेचा जिना उतरताना
गुडघा माझ्याआधी बोलतो.

बाबांना साखळी ऐकू येत नाही.
एकवीस वर्षं साचेखात्यात गेली,
मिलचा भोंगा बंद झाला
त्याच्या आधीच कान बंद झालेले.
एका रात्री ते उठले,
सायकलच्या दांडीवर तळवा ठेवला,
गाभण गाईच्या पोटावर ठेवतात तसा,
आणि डोळे मिटले.

वाढव.
अजून.
नको, उतर. थोडं अजून उतर.
हां. इथं.

मीटरवर चौऱ्याऐंशी.

एकशे अडुसष्ट, ते म्हणाले.
चौऱ्याऐंशी, बाबा! मी ओरडले.
त्यांनी दोन बोटं दाखवली. पाय दोन.
माझा साचा एकशे अडुसष्टला चालायचा.
एकशे नव्वदला नेला तेव्हा धोटा उडाला
तो बद्रीलालच्या कपाळात.
जॉबर म्हणायचा, पळव.
मी सुताला विचारायचो.

सुपर कॉरिडॉर. जानेवारी, पावणेसात.
दर मिनिटाला एकेकजण धुक्यात सुटतोय.
मागून कोणीतरी माझी सीट धरलीय,
समोर पाच बोटं, चार, तीन.
मीटरवर मी चिकटपट्टी लावलीय.
सरांनी ती पाहिली. चष्मा पुसला.

जाताना वारा पाठीशी, मागं सोळा दातांचं चाक,
दहा किलोमीटरला लाल शंकू, वळण,
आणि वारा तोंडावर.
गिअर दोनदा उतरवला. पाय तेच ठेवले.
खटक फटक खटक फटक
असा काही आवाज नव्हता, मीच मनात करत होते,
घाम डोळ्यांत, डावा गुडघा गप्प.
सतराव्या किलोमीटरला देवासची एक पोरगी
शंभराच्या वर पाय फिरवत
भिंगरीसारखी निघून गेली.
मी तिच्या मागं लागले, वीसेक फेरे,
मग छातीतला धागा ताणलेला कळला.
सोडलं तिला.
तिचं सूत वेगळं.

चौतीस मिनिटं, अकरा सेकंद. आठवी.
मागच्या खेपेपेक्षा एकोणचाळीस सेकंद कमी.
सरांनी वहीत लिहिलं, मग पेन थांबलं:
मीटर तर झाकलं होतंस,
या रकान्यात काय लिहू?

मी बाबांकडे पाहिलं.
ते माझ्या जर्सीची बाही चिमटीत धरून
उजेडाकडे वळवून बघत होते.
यात सूत कुठंय गं, म्हणाले.