कुठले तुम्ही?

तिसऱ्या चाचणीला हानुस आला,
बोटीवरचा जुना आचारी, वय चौऱ्याहत्तर.
क्लाक्सविकच्या वाचनालयात मी त्याच्यापुढे टॅब सरकवला,
म्हटलं, अडलं तर मोठ्याने बोला,
मी मध्ये पडणार नाही.

तो पहिल्याच चौकटीपाशी थांबला.
'तुमचा सर्व्हर निवडा.' खाली अकरा नावं.
चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"पोरी, हे मला काय विचारतंय?"

मी मध्ये पडले.
सर्व्हर म्हणजे घर, म्हटलं, तुमचं नाव तिथे राहतं.
दुसऱ्या घरातल्या कुणाशी बोलायचं
तर घर घराला सांगतं, हा आमचा आहे.
दर दारात नवं नाव सांगत बसायला नको.

"मग तसं लिही की.
इथे गल्लीगणिक हानुस.
मी क्वान्नासुंदचा हानुस.
एक्केचाळीस वर्षं झाली तिथून निघून,
घर विकलं, तळघरात आता दुसऱ्याची होडी,
तरी बंदरावर हाक येते ती क्वान्नासुंदवाल्यालाच."

वहीत लिहिलं: घर सुटलं तरी हाक पोचली पाहिजे.
यालाच आम्ही आठ महिने
अठ्ठावीस पानांत 'खाते-स्थलांतर' म्हणत होतो.

पुढे किल्ली. चौसष्ट अक्षरांची रांग,
समोरच्याशी ताडून बघा, म्हणे.
समोरचा म्हणजे त्याचा मुलगा येग्वान,
ग्रीनलंडच्या बाजूला, ट्रॉलरवर.
"ताडायचं काय त्यात?
तो बोलायच्या आधी खाकरतो.
तुझ्या यंत्राला खाकरणं कळतं?"

नाही कळत.

मग सात चित्रं दाखवली.
बापाकडे जी, तीच लेकाकडे, म्हणजे मधे कुणी नाही.
हानुस हजेरी घेतल्यासारखा वाचत गेला:
"छत्री."
बऱ्याच वेळाने पलीकडून, छत्री.
"नांगर." नांगर.
"कोंबडा." इथे तो स्वतःशीच हसला.
चौथ्याला जहाजाचा उपग्रह सुटला.

परतताना समुद्राखालच्या बोगद्यात
गाडी चालवता चालवता ती चौकट मी मनात खोडली.
तोर्शहाव्नला पोचल्यावर, कोटही न काढता, खरोखर खोडली.
तिथे टाकलं: 'कुठले तुम्ही?'
बेइनिर म्हणाला, हे प्रोटोकॉलमध्ये बसत नाही.
बसवू, म्हटलं. कसं, ते अजून माहीत नाही.

तीन चित्रं वाचायची राहिलीत.
टॅब वाचनालयातच, चार्जिंगला लावलेला.
निघताना हानुस दारातून वळून म्हणाला होता,
"खाकरला की कळव."